पांच गुंठ्यांचा डबा

जून महिना उजाडला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं दोन कामें एकदम येऊन पडतात; एक पेरणीचें व दुसरें शाळेचें. पेरणीची तयारी आपण वैशाखापासून करतों. बियाणें निवडून ठेवतों, खताची तरतूद करतों, पाभरीचे फण ठीक करून घेतों. शाळेसाठींही वह्या, पुस्तकें, गणवेश व बसचा पास यांचा हिशेब होतो. परंतु मूल दुपारीं शाळेंत काय खाणार, याचा विचार बहुतेक घरांत पहिल्या दिवशीं सकाळीं चूल पेटल्यावरच सुरू होतो. त्या वेळीं जें हातीं लागेल तें डब्यांत जातें. कांहींच न लागलें तर मुलाच्या हातावर दहा रुपये पडतात. आमच्याही घरीं असेंच चालत आलें होतें. त्याची किंमत काय पडली तें प्रथम सांगतों, कारण पुढील सर्व हिशेब त्यांतूनच सुचलेला आहे.

आमचें गांव सोलापूर जिल्ह्यांत, ज्वारीच्या पट्ट्यांत आहे. जमीन काळी, पाणी बेताचें. मुलगी गांवच्या शाळेंतून आठवी उत्तीर्ण होऊन अकरा किलोमीटरवरच्या हायस्कुलांत नववीला जाऊं लागली. बस सकाळीं साडेआठला. परत घरीं येण्यास संध्याकाळचे सहा वाजत. त्या वर्षीं पौषांत एके दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं ती घेरी येऊन पडली. शाळेंतून निरोप आला व आम्हीं तिला तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८.६ भरलें. या वयाच्या मुलीस तें किमान १२ असावें लागतें. डॉक्टरांनीं तिला विचारलें, "सकाळीं काय खातेस? दुपारीं काय खातेस?" तिनें खालीं मान घालून सांगितलें, सकाळीं चहा-खारी आणि दुपारीं दुकानांतला दहा रुपयांचा पुडा.

तिची आई म्हणाली, "अगं, रोज डबा देतें ना मी?" डबा ती नेत असे हें खरें, पण दोन महिने त्यांतली भाकरी बसथांब्याजवळच्या कुत्र्यास पडत होती. कारण विचारतां ती म्हणाली, "आप्पा, दुपारपर्यंत भाकरी चामड्यासारखी होते. रस्सा दप्तरांत सांडतो. सुटी वीस मिनिटांची. चावतां चावतां घंटा होते, आणि मुली हंसतात तें वेगळेंच."

त्या दिवशीं माझ्या घरांत अठरा पोतीं ज्वारी होती. रोज सकाळीं मी दूध संकलन केंद्रावर चौदा लिटर दूध घालीत होतों व त्यास फॅट किती लागली तें मला रोज ठाऊक असे. घरच्या मुलीच्या अंगांत रक्त किती आहे, हें मात्र मला ती पडेपर्यंत ठाऊक नव्हतें.

ही गोष्ट एका घरची असती तर ती येथें लिहिली नसती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या रक्तांत लोहकणांची तूट आढळली. त्यांत धान्य विकत घेऊन खाणाऱ्यांच्या मुली आहेत, तशा धान्य पिकविणाऱ्यांच्याही आहेत.

शाळेचें जेवण कोठपर्यंत पुरतें

सरकारी व अनुदानित शाळांतून पहिली ते आठवीच्या मुलांस दुपारचें जेवण मिळतें. ही योजना देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. कोरडें धान्य न वाटतां शिजविलेलें अन्नच द्यावें, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २००१ मध्यें दिला. सहावी ते आठवीच्या मुलास या जेवणांतून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें मिळावीं, आणि त्यासाठीं १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी वापरावी, असें प्रमाण ठरलेलें आहे. ज्यांचीं मुलें या वर्गांत आहेत त्यांनीं तें जेवण कमी लेखूं नये. शाळा व्यवस्थापन समितींत बसून तें या प्रमाणाचें होतें कीं नाहीं तें पाहावें.

परंतु नववीपासून हें जेवण थांबतें. आणि मुलीच्या शरीरास अन्नाची अधिकांत अधिक गरज लागते ती नेमकी याच वयांत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं दिलेल्या प्रमाणांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीस दररोज सुमारें ४३ ग्रॅम प्रथिनें, ३० मिलीग्रॅम लोह व १००० मिलीग्रॅम खटिक म्हणजे कॅल्शियम मिळालें पाहिजे. त्याच वयाच्या मुलास लोह २२ मिलीग्रॅम पुरतें. मुलीस अधिक लागतें. तेव्हां घरांत ताट वाढतांना मुलाच्या ताटांत जास्त व मुलीच्या ताटांत कमी हा जो रिवाज आहे, तो शरीराच्या गरजेच्या अगदीं उलट आहे.

डब्यांत काय असावें

यासाठीं बाजारांतून कांहींही आणण्याची गरज नाहीं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठांत, म्हणजे दोन बेताच्या भाकऱ्यांत, सुमारें १० ग्रॅम प्रथिनें असतात. मटकी, मूग किंवा चवळी यांच्या ३० ग्रॅम कोरड्या दाण्यांत ७ ग्रॅम, व २० ग्रॅम शेंगदाण्यांत ५ ग्रॅम असतात. चमचाभर तीळ धरला म्हणजे हा डबा २२-२३ ग्रॅम प्रथिनांचा, अर्थात् दिवसाच्या निम्म्या गरजेचा होतो. ज्वारीच्या प्रथिनांत जो एक घटक उणा असतो तो कडधान्यांत भरपूर असतो, व कडधान्यांत जो उणा तो ज्वारी-बाजरींत सांपडतो. म्हणून भाकरी आणि उसळ हीं एकाच डब्यांत असावीं. कडधान्य मोड आणून घेतलें तर त्यांतील लोह शरीरास अधिक लागूं पडतें.

लोहाच्या बाबतींत मात्र एवढ्यानें भागत नाहीं. वरील डब्यांतून गरजेच्या चौथाईइतकेंच लोह मिळतें, आणि धान्यांतलें लोह शरीर सहजासहजीं घेत नाहीं. त्यास लिंबू, पेरू किंवा आवळा यांतील 'क' जीवनसत्त्वाची जोड मिळाली म्हणजे तें अधिक शोषिलें जातें. यासाठीं लिंबाची एक फोड डब्यांत रोज असावी. उलट जेवणाच्या आगेंमागें घेतलेला चहा लोहाचें शोषण अडवितो; सबब शाळेस जाणाऱ्या मुलांचा चहा बंद करावा हें उत्तम. भाजी लोखंडी कढईंत केल्यास तीही थोडें लोह देते. थंडींत बाजरी घ्यावी. तिच्यांत ज्वारीपेक्षां लोह अधिक असतें.

खटिकासाठीं दूध, तीळ, नाचणी व शेवग्याचा पाला हे आपले आधार आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठांत सुमारें ३५० मिलीग्रॅम खटिक असतें. पाव लिटर दुधांत तें ३०० मिलीग्रॅमच्या आसपास मिळतें. दूध डब्यांत देतां येत नाहीं. परंतु केंद्रावर नेण्यापूर्वीं बादलींतून प्रत्येक मुलामागें पाव लिटर काढून ठेवावें व तें रात्रीं निजण्यापूर्वीं द्यावें. चौदा लिटरांतून तें गेल्यानें माझा कांहीं तोटा झाल्याचें मला दिसलें नाहीं.

डबा परत कां येतो

डब्यांतील अन्न कितीही चांगलें असलें तरी तें पोटांत गेलें तरच उपयोगाचें. माझ्या मुलीनें सांगितलेल्या अडचणी खऱ्या होत्या. त्यांचा उपाय शोधण्यास आम्हांस एक महिना लागला. तो येथें थोडक्यांत देतों.

ज्वारींत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी निवाली कीं ताठर होते. पीठ गार पाण्यानें न मळतां उकळत्या पाण्यानें भिजवून चांगलें मळल्यास ती बरीच मऊ राहते. तव्यावरून उतरलेली भाकरी लगेच डब्यांत कोंबूं नये. वाफ आंत कोंडून ती ओली होते व मग लवकर विटते. ती क्षणभर निवूं द्यावी, तिला तूप लावावें व स्वच्छ सुती फडक्यांत गुंडाळून ठेवावी. पीठ जुनें असूं नये. बाजरीचें पीठ तर आठ दिवसांतच कडवट होऊं लागतें, कारण तिच्यांत स्निग्धांश जास्त असतो. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळावी. आमच्या भागांतील मालदांडी ज्वारी भाकरीस उत्तम समजली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. अशी ज्वारी सारी विकून घरांत हलकी ठेवूं नये.

आठवड्यांतून दोन दिवस भाकरीऐवजीं धपाटे द्यावे. ज्वारीच्या पिठांत थोडें हरभऱ्याचें व गव्हाचें पीठ, चिरलेली मेथी, लसूण व दही घालून केलेलें धपाटें दुपारपर्यंत मऊ राहतें, हातांत धरून खातां येतें व वीस मिनिटांच्या सुटींत संपतें. मुली धपाट्यास हंसत नाहींत, मागून खातात.

रस्सा डब्यांत घालूं नये. उसळ कोरडी करावी, पिठल्याऐवजीं झुणका करावा. भात सकाळीं शिजवून दुपारपर्यंत कोमट राहिला तर त्यांत कांहीं जंतू असें विष तयार करतात कीं तें पुन्हां तापवूनही जात नाहीं. म्हणून भात टाळलेला बरा. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यांत टिकत नाहीं. शेंगदाण्याची, जवसाची व कारळ्याची कोरडी चटणी टिकते. डबा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. त्याच्या झांकणाला रबराचें कडें असल्यास तें रोज काढून धुवावें. दुर्गंधी तेथूनच सुरू होते.

नमुन्यासाठीं आमचा थंडीच्या दिवसांतील आठवडा देतों. सोमवारीं ज्वारीची भाकरी, मटकीची कोरडी उसळ व शेंगदाण्याची चटणी. मंगळवारीं मेथीचे धपाटे व पेरू. बुधवारीं चपाती, हरभऱ्याची उसळ व गाजर. गुरुवारीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, झुणका व कांदा. शुक्रवारीं मुगाच्या पिठाचीं धिरडीं व कारळ्याची चटणी. शनिवारीं शाळा अर्धा दिवस असते, तेव्हां शेंगापोळी, आणि खाणाऱ्यांनीं कवचासकट उकडलेलें अंडें. लिंबाची फोड पेरू नसेल त्या दिवशीं असतेच. पावसाळ्याच्या आरंभीं परड्यांत भाजी नसते. त्यासाठीं हरभऱ्याचा पाला माघांतच सांवलींत वाळवून ठेवावा.

शेंगदाण्याविषयीं एक इशारा

आपल्यांत अशी पद्धत आहे कीं टपोरे दाणे बाजारांत जातात आणि फुटके, सुरकुतलेले, काळपटलेले दाणे घरच्या चटणीस राहतात. ही पद्धत घातक आहे. काढणीच्या वेळीं पावसांत सांपडलेल्या शेंगांवर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार करते. तें यकृतास बाधतें, मुलांस तर अधिकच, आणि भाजल्यानें किंवा तळल्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. असे दाणे हुडकून फेकून द्यावे. शेंगा चांगल्या वाळवाव्या, म्हणजे हालविल्या असतां आंतला दाणा खुळखुळला पाहिजे. आणि पोतीं भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीं.

पांच गुंठ्यांचा हिशेब

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीसाठीं वर्षांत किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे असें ठरविलें आहे. हायस्कुलासही तेच दिवस धरूं. दररोज १०० ग्रॅम पीठ म्हणजे वर्षास २२ किलो धान्य. ३० ग्रॅम कडधान्य म्हणजे ६ किलो ६०० ग्रॅम. २० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे ४ किलो ४०० ग्रॅम. ५ ग्रॅम तीळ म्हणजे १ किलो १०० ग्रॅम. एका मुलाच्या वर्षभराच्या डब्यास एवढेंच धान्य लागतें.

कोरडवाहू जमिनींत ज्वारी एकरीं चार क्विंटल धरली तर गुंठ्यास १० किलो पडते. म्हणजे सव्वादोन गुंठे पुरे. कडधान्य एकरीं दोन क्विंटल धरल्यास दीड गुंठा. भुईमुगाच्या शेंगा एकरीं चार क्विंटल व शंभर किलो शेंगांस सत्तर किलो दाणे धरल्यास पाऊण गुंठा पुष्कळ झाला. तिळास पाव गुंठा. बेरीज पावणेपांच गुंठे. उरलेला पाव गुंठा परड्यांत मेथी, लिंबाचें झाड व शेवगा यांसाठीं ठेवावा. असे पांच गुंठे झाले. ज्याचें उत्पन्न अधिक त्यास याहून कमी लागेल. ज्याचें कमी त्यानें आपल्या आंकड्यांनीं हिशेब करून पाहावा.

पैशाच्या दृष्टीनेंही पाहूं. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठीं जाहीर झालेल्या आधारभूत किंमतींनीं मालदांडी ज्वारी क्विंटलास ३४२१ रुपये, मूग ८६८२, भुईमुगाच्या शेंगा ६७८३ व तीळ ९२६७ होते. त्या भावानें वरील सर्व मालाचे साधारणपणें साडेअठराशें रुपये होतात. रोजचा दहा रुपयांचा पुडा २२० दिवसांत २२०० रुपये खातो. म्हणजे पोटभर अन्न विकून आपण जी रक्कम घरीं आणतों, तिच्यापेक्षां जास्त रक्कम मीठ, तेल व पिठी यांवर घालवितों. आणि मूल उपाशी राहतें तें राहतेंच.

हें काम कोणाचें

डब्याची गोष्ट निघाली कीं ती घरांतील बाईची म्हणून आपण उठून जातों. परंतु ज्या घरांतील मटकी दिवाळींतच आडत्याकडे गेली, त्या घरांतील बाईनें जानेवारींत डब्यांत काय घालावें? डब्याचा निकाल खळ्यावर लागतो, आणि खळ्यावर कर्ता पुरुष असतो. माल मोटारींत भरण्यापूर्वीं प्रत्येक मुलाच्या नांवानें एक पोतें व तीन डबे बाजूस ठेवणें हें त्याचें काम आहे. आम्हीं तसेंच केलें. पोत्यावर कोळशानें मुलीचें नांव लिहिलें. तें पाहून माझी आई म्हणाली, "अरे, देवाला नैवेद्य काढतोस, बैलाला पेंड राखतोस, हें आधींच सुचायला हवें होतं." मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. रविवारीं शेंगा फोडणें, दाणे निवडणें व गिरणींतून पीठ आणणें हीं कामें आतां माझ्याकडे व मुलाकडे आहेत. तिच्या आईस सकाळीं फक्त थापण्या-भाजण्याचें काम उरतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. रक्त एवढें कमी झाल्यावर केवळ डब्यानें तें भरून येत नाहीं. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या मुलीनें नेमानें घेतल्या. शाळेंतून किशोरवयीन मुलांस आठवड्यास एक निळी गोळी मिळते, ती अनेक मुलें मळमळ होते म्हणून फेकून देतात. ती जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. तसेंच जंताची गोळी चुकवूं नये. २०१५ पासून फेब्रुवारींत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. आपल्या मुलांस तिची गरज अधिक, कारण ओल्या रानांत अनवाणी चालतांना अंकुशकृमी पायांच्या कातड्यांतून आंत शिरतात व आंतड्यांत राहून रक्त शोषतात. मुलांस रानांत चपला घालावयास लावाव्या.

सहा महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासलें तेव्हां ११.४ भरलें. अजून बारा झालेले नाहींत. पण ती आतां बसथांब्यापर्यंत धांवत जाते, आणि संध्याकाळीं डबा रिकामा आणते. कुत्रें मात्र कांहीं दिवस तेथें वाट पाहत असे.

शेतकरी बंधूंस विनंति एवढीच कीं, येत्या हंगामांत पेरणीचा आराखडा करतांना ऊस किती, कांदा किती, सोयाबीन किती हें ठरविण्यापूर्वीं घरांत शाळेस जाणारीं मुलें किती तें मोजावें, आणि प्रत्येकामागें पांच गुंठे आधीं बाजूस काढावे. चाळीस गुंठ्यांच्या एकरांत तेवढी जागा निघते.